गाणं कुणाच्या नावावर?

सासूबाईंना आंघोळीला न्यायचं म्हणजे आमच्याकडे गिझरच्या आधी गाणं लावावं लागतं. गाणं सुरू झालं, की त्या आपणहून उठतात, माझा हात धरतात आणि मोरीपर्यंत येतात. गाणं नसेल तर ‘तू कोण? मला कुठे नेतेस?’ इथपासून सुरुवात. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असं नाव सांगितलं. आधी शेजारणींची नावं गेली, मग नातवंडांची, मग माझं. आता मी कधी त्यांची थोरली बहीण असते, कधी शाळेतल्या बाई. पण सुधीर फडक्यांचा आवाज आला, की तो मात्र त्या बरोबर ओळखतात. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बाकीचं पुसलं गेलं तरी तरुणपणी ऐकलेली गाणी पुष्कळ काळ टिकून राहतात.

त्यामुळे आमच्या घरात गाणं ही आता करमणुकीची गोष्ट उरलेली नाही. बीपीच्या गोळीसारखी ती वेळेवर लागते. सकाळी आंघोळीला, दुपारी जेवणाला आणि संध्याकाळी दिवेलागणीला. संध्याकाळ सर्वांत अवघड. त्या वेळी त्यांना घरी जायचं असतं, आणि घर म्हणजे साताऱ्याचं, त्यांच्या वडलांचं. मुलुंडमधला चौथा मजला नव्हे.

ही सगळी सोय लेकानं करून दिली होती. त्यानं माझ्या मोबाईलवर गाण्यांचं एक ॲप टाकलं, आजीला विचारून विचारून (तेव्हा विचारलं तर सांगायच्या) एकशेचाळीस गाणी निवडली आणि म्हणाला, “आई, डाउनलोड करून ठेवलीत. आता नेट नसलं तरी वाजतील. तुझी काळजी मिटली.” मला खरं वाटेना. पण मे महिन्यात माहेरी लांज्याला जाताना गाडीत बसून परीक्षाच घेतली. रत्नागिरी यायच्या आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. आत शिरलो तशा डब्यातल्या सगळ्या मोबाईलांच्या रीळ जागच्या जागी थांबल्या, पोरं किंचाळायला लागली, आणि माझ्या कानात आशाबाई आपल्या गातच होत्या. मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू, मला त्या पाच-सात मिनिटांत जग जिंकल्यासारखं वाटलं!

त्यानंतर पावसाळ्यात सासूबाई मोरीतच घसरल्या. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं आणि रात्री त्यांना ज्या वॉर्डात आणलं, तो तळघराला लागून होता. भिंती जाड, खिडकी नाही. मोबाईलवर रेंजची एक काडी दिसे, तीही दाराशी गेलं तर. मला त्याची फिकीर नव्हती. गाणी होतीच ना मोबाईलात.

रात्री दोनच्या सुमाराला भुलीचा अंमल उतरला आणि त्या उठून बसायला लागल्या. अनोळखी जागा, पाय हलत नाही, हाताला सलाईन. ती सुई ओढून काढायला त्यांनी सुरुवात केली. मी एका हातानं त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं मोबाईल काढला. ॲप उघडलं. यादी दिसत होती, एकशेचाळीसच्या एकशेचाळीस, पण सगळी पुसट, राखाडी. दाबलं की एकच ओळ येई, ‘इंटरनेट जोडा’. आया मावशींना क्षणभर बसवून मी धावत जिन्यात गेले. तिथे रेंज आली आणि दुसरी ओळ उमटली, ‘तुमची सदस्यता संपली आहे’. म्हणजे जिन्यात उभं राहिलं असतं तर जाहिराती ऐकत ऐकत गाणं ऐकता आलं असतं. कॉटपाशी नाही. आणि मला तर कॉटपाशी हवं होतं.

परत आले आणि शेवटी मीच म्हणायला लागले. गळा माझा यथातथाच आहे, पण प्रश्न गळ्याचा नव्हता. मला पहिली ओळ येत होती आणि पुढचं काही येत नव्हतं. एका गाण्याची पहिली ओळ, दुसऱ्याची पहिली ओळ, तिसऱ्याचं नुसतंच ‘लालला’. मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई मी! शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक वैतागून बघत होते. तिसऱ्या की चौथ्या गाण्याला सासूबाई थांबल्या, माझ्याकडे शाळेतल्या बाईंसारख्या बघत म्हणाल्या, “पुढचं विसरलीस वाटतं,” आणि त्यांनी स्वतः अख्खं दुसरं कडवं म्हटलं. बारीक आवाजात, पण एकही शब्द न चुकवता. मग पुन्हा हात सुईकडे. त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत असंच केलं, मी पहिली ओळ आणि त्या पुढचं. जिथे त्यांनाही आठवलं नाही, तिथे रडारड झाली. चार वाजता सिस्टरनी झोपेचं इंजेक्शन दिलं.

सकाळी लेकाला बेंगळुरूला फोन लावला. तो बिचारा कळवळला. झालं होतं ते इतकंच, की नोकरीच्या गावी राहत्या घरातल्या मित्रांबरोबर त्यानं नवा प्लॅन घेतला आणि जुना, ज्यात मी होते, तो दहा दिवसांपूर्वी बंद केला. “आई, मला वाटलं डाउनलोड केलेली राहतील.” इंजिनीअर झालेल्या मुलाला असं वाटलं, मग तुमची-आमची काय कथा?

त्यानंतर मी हा विषय जरा खोदून समजून घेतला. सांगते, कारण तुमच्याही मोबाईलात अशी गाणी असणार.

आपण ‘डाउनलोड’ म्हणतो, तेव्हा मनात अर्थ असतो तो गाणं आपल्याकडे आलं, असा. प्रत्यक्षात ते येतं कुलूपबंद डब्यात. डबा आपल्या घरात, किल्ली कंपनीकडे. ॲप अधूनमधून कंपनीला विचारतं, ‘या बाईंचे पैसे आलेत का?’ आलेत, तर डबा उघडतो. स्पॉटिफायचा नियम तर उघड लिहिलेला आहे. पैसे भरणाऱ्यालाच गाणी उतरवता येतात आणि तीस दिवसांत एकदा तरी फोन नेटला जोडावा लागतो, नाहीतर गाणी निघून जातात. त्या डब्यातलं गाणं दुसऱ्या मोबाईलवर नेता येत नाही, पेन ड्राइव्हवर टाकता येत नाही, गाडीतल्या टेपवर लावता येत नाही. यूट्यूबनं २०१४ च्या अखेरीस आपल्याकडे काही व्हिडिओ फुकट उतरवून ठेवायची सोय दिली होती, तीसुद्धा ४८ तासांपुरती. विरजणाच्या दह्यासारखी, दोन दिवसांत संपवा.

बरं, आपण पैसे भरत राहिलो तरी गाणं राहीलच असं नाही. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. सारेगामा कंपनीशी त्याचं जमलं नाही, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि दोन महिन्यांत सारेगामाची गाणी तिथून उतरवावी लागली. सारेगामा म्हणजे आपली जुनी एचएमव्ही. म्हणजे कुत्रा आणि ग्रामोफोनचं चित्र असलेल्या त्या तबकड्यांवरचं सगळं भांडार. तडजोड होऊन ती गाणी परत आली २०२० मध्ये. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकचा करार संपला आणि त्यांची हिंदी गाणी एका रात्रीत दिसेनाशी झाली, कॉलेजातल्या मुली हळहळल्या. रेसो नावाचं ॲप जानेवारी २०२४ अखेर भारतात बंद झालं. त्याच वर्षी एअरटेलनं आपलं विंक बंद केलं. ज्यांनी वर्षानुवर्षं तिथे आपल्या याद्या लावल्या होत्या, त्यांना दुसरं दार शोधावं लागलं. भांडण दोन कंपन्यांचं, आणि रिकामी होते ती आपली फडताळ!

मराठीत एक छान शब्द आहे, ‘उतरवून घेणं’. सासूबाईंच्या कपाटात एक जाड, पुठ्ठ्याची वही आहे. गाण्यांची वही. तुमच्याही आईची, मावशीची असेल, त्या पिढीत ती नसलेली मुलगी विरळाच. त्यांच्या लहानपणी, १ एप्रिल १९५५ ला, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचा स्वर, वर्षभर चाललेली छप्पन्न गीतं. साताऱ्यात त्यांच्या वाड्यात एकच रेडिओ होता, मालकांचा. गाणं एकदा वाऱ्यावर गेलं की गेलं, परत ऐकायचं ते पुन्हा लागेल तेव्हा. म्हणून त्यांची आई कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भराभरा शब्द लिहून घ्यायची. निसटलेल्या ओळी दुसऱ्या दिवशी नळावर शेजारणीकडून मिळायच्या. पुढे तोच नाद सासूबाईंना लागला. ‘आपली आवड’ लागलं की वही आणि शाईचं पेन घेऊन बसायचं. काही पानांवर मधल्या ओळी मोकळ्या सोडलेल्या आहेत, पुन्हा गाणं लागेल तेव्हा भरायला. काही चाळीस वर्षांनीही मोकळ्याच आहेत.

ही वही नेटशिवाय चालते. पैसे भरले नाहीत तरी चालते. त्या रात्री रुग्णालयात मला तिचीच गरज होती आणि ती चौथ्या मजल्यावर कपाटात होती.

आता तुम्ही म्हणाल, बाई जुन्यातच रमतायत. तसं नाही हं. आमच्या घरात ‘ह्यांचं’ म्हणणं असं, की साठवायचं कशाला? नळाला चोवीस तास पाणी असताना कळशा भरून ठेवते का कुणी? म्हणणं अगदीच चुकीचं नाही. या ॲपवर मी अशी गाणी ऐकली, जी आमच्या गावात कुठल्याच कॅसेटच्या दुकानात कधी मिळाली नसती. माणिक वर्मांची एक जुनी ध्वनिमुद्रिका तर मी वीस वर्षं शोधत होते. आणि कॅसेटचं कौतुक तरी किती करायचं? टेप गुंडाळायची, पेन्सिल घालून फिरवा. मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरायची. माझ्या लग्नातल्या मंगलाष्टकांच्या कॅसेटवर धाकट्या दिरानं क्रिकेटची कॉमेंट्री भरून ठेवली होती, ती जखम अजून ताजी आहे. पण पाण्याचंच बोलायचं तर ज्यांच्या नळाला चोवीस तास पाणी असतं, त्यांनी कळशांना हसावं. तुमच्या गावात आठ-आठ तासांचं भारनियमन झालेलं आहे, टॉवरची बॅटरी संपली की रेंज जाते हे तुम्हाला मी काय सांगणार? आणि मुंबईत राहतो म्हणून आम्हीही सुटलेलो नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी वीजपुरवठा कोलमडला, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. २०२५ मध्ये भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली, तेव्हा खाली मोबाईलला रेंजच मिळत नाही अशी पहिली ओरड झाली.

याच मेट्रोमुळे मला या प्रश्नाची दुसरी बाजू कळली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई भांडुपहून येतात. त्यांची मुलगी घाटकोपरला मेट्रो धरते, मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रोत बसते आणि बीकेसीतल्या एका ऑफिसात हाउसकीपिंगला जाते. मायलेकींत मिळून रोजचा दीड जीबी. तो रात्रीच धाकट्या भावाच्या गेमवर संपतो. सकाळी उरतं काय, तर शून्य. तिच्या मोबाईलातही तेच ॲप आहे, पण फुकटातलं. फुकटातल्याला नेट लागतंच, गाणी उतरवून घेता येत नाहीत. बघा हं गंमत. ज्याच्याकडे भरपूर नेट आहे, घरी वायफाय आहे, तो पैसे भरतो आणि त्याला नेटशिवाय ऐकायची सोय मिळते. जिच्याकडे नेट नाही, जिला ही सोय खरी हवी, तिला ती मिळत नाही. मी ताईंना विचारलं, “मग तुम्ही भांडी घासताना कानात काय लावता?” तर म्हणाल्या, “रेडिओ हाय की.” त्यांचा मोबाईल साधा, बटणांचा. ईयरफोनची वायर हीच त्याची एरियल. विविध भारती लावतात. ज्या विविध भारतीचा कारभार वर्षानुवर्षं आमच्या याच उपनगरांतून, बोरिवलीच्या गोराई रोडवरून चालत आला आणि जिचा जन्म ३ ऑक्टोबर १९५७ चा. ना नेट, ना सदस्यता. मुलीच्या महागड्या मोबाईलात मात्र रेडिओ नाही, ईयरफोनचं भोकसुद्धा नाही! २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मोबाईल कंपन्यांना सूचना केली होती, की ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे तिथे ती बंद करून ठेवू नका, संकटकाळात उपयोगी पडते. सूचना चांगली होती. दुकानात नवा मोबाईल घेताना आपण कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते विचारतो, रेडिओ आहे का हे विचारत नाही.

एक कबुली द्यायला हवी. २००५-०६ च्या सुमाराला, मेमरी कार्ड नवीन आली होती तेव्हा, स्टेशनबाहेरच्या दुकानात वीस-तीस रुपयांत शेकडो गाणी भरून मिळायची. मीही भरून घेतली आहेत. तुमच्या एसटी स्टँडसमोर अजूनही कुणी भरून देत असेल. ती चोरी होती. गीतकार, संगीतकार, गाणारे, वाजवणारे, कुणाच्याच हाती त्यातला रुपया पडत नव्हता. आपण पैसे न देता ती गाणी घेतली, म्हणूनही कंपन्यांनी कुलपं लावली, हे मान्य करायला हवं. फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं. थोडे पैसे द्या, गाणं विकत घ्या, ते कायमचं तुमचं, कुलूप नाही. जून २०१३ मध्ये ते बंद पडलं. गिऱ्हाईकच पुरेसं आलं नाही. पण ज्यांनी तेव्हा गाणी विकत घेऊन जपून ठेवली असतील, त्यांच्याकडे ती आजही वाजत असतील. दुकान बंद झालं तरी घरातली पातेली कुणी परत नेत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गाणं भाड्यानं देणं यात गैर काही नाही. साड्यासुद्धा लग्नापुरत्या भाड्यानं मिळतात. पण भाड्याची साडी देताना दुकानदार ‘ही तुमची’ म्हणत नाही. या ॲपच्या बटणावर ‘डाउनलोड’ लिहिण्याऐवजी ‘पैसे भराल तोवर’ असं लिहावं. प्लॅन संपला तर निदान महिनाभर आधी उतरवलेली गाणी वाजू द्यावीत आणि आठवणीचा निरोप ज्याच्या मोबाईलात गाणी आहेत त्यालाही पाठवावा, नुसता पैसे भरणाऱ्याला नको. आणि ज्याला कायमचं गाणं हवं आहे, त्याला ते रास्त किमतीत विकत मिळालं पाहिजे, विशेषतः जुनी मराठी गाणी. सारेगामानं २०१७ मध्ये कारवां नावाचा रेडिओसारखा डबा काढला. आत हजारो गाणी आधीच भरलेली, नेट लागत नाही. पुढे मराठीचाही निघाला. तरुण मुलं हसली त्याला, पण म्हाताऱ्या माणसांच्या घराघरांत तो पोचला. लोकांना काय हवंय, हे त्यातून दिसलंच की. फक्त त्यात गाणी त्यांनी निवडलेली असतात. सासूबाईंच्या एकशेचाळीसमधली कितीतरी त्यात सापडणार नाहीत.

आता जे मला सर्वांत टोचलं ते. आमच्या महिला मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सहज विचारलं, “मोबाईलवर गाणी कोण कोण ऐकतं?” जवळजवळ सगळे हात वर. “ते ॲप कुणाच्या नावावर आहे?” मुलाच्या. ह्यांच्या. जावयाच्या. एकीचं तर लग्न मोडलेल्या सुनेच्या नावावर होतं आणि ते अजून चालू होतं, यावर पुष्कळ हशा झाला. स्वतःच्या नावावर, स्वतःचा पासवर्ड ठाऊक असलेल्या फक्त तिघी. आपण वर्षानुवर्षं बायकांना सांगतो, घर दोघांच्या नावावर करा, बँकेत आपलं खातं हवं, रेशन कार्ड बघून घ्या. आणि गाणं? ज्याच्यावर पोळ्यांची परात आणि दुपारचं एकटेपण निघतं, ते आपण हसत हसत दुसऱ्याच्या खात्यात ठेवलेलं असतं. कुणी वाईट नसतं हो. माझा लेक काय वाईट आहे? पण तो गाव बदलतो, नोकरी बदलतो, प्लॅन बदलतो आणि आपली गाणी त्याच्या सामानाबरोबर निघून जातात.

मी आता काय केलंय, ते सांगते. माझ्या नावानं, माझ्या पैशांनी वेगळं खातं उघडलं. नवं काही ऐकायला ते ठीक आहे. पण सासूबाईंची गाणी तिथे ठेवलेली नाहीत. माळ्यावरून कॅसेटचा खोका काढला. ज्या बुरशीनं गेल्या होत्या त्या टाकल्या. दोन रात्री रडत रडत टाकल्या म्हणा ना. उरलेल्या विकत घेतलेल्या, आपल्या कष्टाच्या पैशांच्या. जुना टेपरेकॉर्डर रिपेअर करून आणला, त्याच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरला वायर जोडली आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गाणी भरायला लागले. हे काम घाईचं नाही. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटं लागतात. वाजत राहते, तोवर मी भाजी निवडते. मधेच कुकरची शिट्टी झाली तर ती त्यात येत नाही, वायरीनं जोडलंय ना! पहिल्या दिवशी मात्र मी वायर चुकीच्या भोकात घातली होती आणि तासभर निव्वळ शांतता भरून घेतली. भरलेली गाणी एका पेन ड्राइव्हवर, एका मेमरी कार्डावर आणि जावेकडे एक प्रत. वहीचेही पानापानाचे फोटो काढून ठेवलेत, आणि छापून एक प्रत माझ्या पर्समध्ये असते.

आणि एक केलं, जे खरं तर पाच वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. सासूबाई अजून गातात तोवर त्यांचा आवाज मोबाईलच्या रेकॉर्डरवर घेऊन ठेवायला लागले. त्यांच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्यांना येतात. जातं स्वतः त्यांनी क्वचितच ओढलं असेल. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या ‘पारी’वर त्या वाचायला, ऐकायला मिळतात. त्या लाखांत आमच्या सासूबाईंच्या आजीची ओवी असेल-नसेल. आमच्याकडे आत्तापर्यंत अकरा आहेत. शेवटच्या दोन अर्ध्या. मधेच थांबून त्यांनी विचारलं, “हे काय धरलंयस तोंडापुढे?” मी म्हटलं, “उतरवून घेतेय.” तर म्हणाल्या, “मग सावकाश म्हणते.”

काठी घेऊन त्या आता चार पावलं चालतात. मोरीत खाली रबरी चटई घातलीय आणि दाराबाहेर स्टुलावर छोटा प्लेअर ठेवलाय. कालपासून त्यांना ‘गीतरामायणा’ची कॅसेट हवी आहे. तिची ए बाजू भरून झाली. बी बाजूला सुरुवातीला थोडी खरखर आहे, पट्टा स्वच्छ करून पुन्हा भरायला हवी. उद्या दुपारी, त्या झोपल्या की.